चालतंय ते बदलावं का? एका घरातल्या कोडीचं आणि जेलीफिनचं उत्तर वेगळं का येतं

प्रश्न थोडक्यात असा: हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये एकेक अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, दोन्हींवर सिनेमे-मालिका दाखवणारं कोडी १९. दोघांची लायब्ररी, म्हणजे काय आहे आणि काय बघितलं याची नोंद, एका जुन्या कॉम्प्युटरवरच्या मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरमध्ये सामायिक ठेवलेली. त्याच कॉम्प्युटरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सोय) जेलीफिन १०.१० हा घरचे सिनेमे इतर उपकरणांवर पाठवणारा सर्व्हर, आणि बाहेर असताना फोनवर बघता यावं म्हणून त्याचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, राउटरमधून खुलं केलेलं. सगळं सुरळीत चाललंय, घरात कुणाची तक्रार नाही, पण अपडेटच्या सूचना पाठ सोडत नाहीत. करावं की राहू द्यावं?

माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. कोडीला सध्या हात लावू नका. जेलीफिन मात्र पहिल्या मोकळ्या दिवशी अपग्रेड करा, आणि ते होईपर्यंत राउटरमधलं ते पोर्ट आजच बंद करा.

एकाच घरातल्या दोन गोष्टींना दोन उत्तरं का, ते सांगतो. ‘जुनं आहे का’ हा निकष मी लावतच नाही. मी दोन गोष्टी विचारतो: हे सॉफ्टवेअर घराबाहेरच्या कुणाच्या संपर्कात येतं का, आणि अपग्रेड फसलं तर अर्ध्या तासात मागे येता येईल का? तुमचं कोडी घरातल्या घरात आहे. जेलीफिनचं लॉगिनचं पान जगातल्या कुणालाही दिसतं. लॉगिनला पासवर्ड आहे हे खरं, पण सॉफ्टवेअरमध्येच फट असेल तर पासवर्डचा उपयोग होईलच असं नाही.

‘माझ्या सिनेमांच्या यादीत कुणाला काय रस?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीतली २०२२ ची चोरी अनेकांना आठवत असेल. तिचा तपशील २०२३ मध्ये बाहेर आला तेव्हा कळलं की चोरांनी कंपनीच्या एका इंजिनिअरचा घरचा कॉम्प्युटर गाठला होता, आणि तिथे शिरायला त्यांना घरगुती मीडिया सॉफ्टवेअरमधली फट उपयोगी पडली. ते सॉफ्टवेअर प्लेक्स असल्याचं पुढे स्पष्ट झालं. ती फट प्लेक्सने मे २०२० मध्येच बुजवली होती. त्या कॉम्प्युटरवर अपडेट झालेलंच नव्हतं, इतकंच. चोरांना सिनेमे नको होते, त्या कॉम्प्युटरवर टाइप होणारा मास्टर पासवर्ड हवा होता. तुमच्याही त्या जुन्या कॉम्प्युटरवर फक्त सिनेमे आहेत का, की फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही आहेत, ते एकदा बघून घ्या.

जेलीफिनलाही हे चुकलेलं नाही. एप्रिल २०२३ मधली १०.८.१० ही आवृत्ती मुख्यतः सुरक्षेच्या गंभीर फटी बुजवण्यासाठीच काढली होती. अशा दुरुस्त्या चालू शाखेत, म्हणजे सध्याच्या आवृत्ती-मालिकेत, येतात. मागच्या शाखेत त्या येतील अशी आशा धरून बसण्यात अर्थ नाही. म्हणून जे बाहेर उघडं आहे ते चालू शाखेवर असलंच पाहिजे. ते जमणार नसेल तर उघडं ठेवू नका, वायरगार्डसारख्या व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खाजगी जोडणीतून, घरात या. खरं तर जमणार असेल तरीही व्हीपीएनच बरा. एकदा तो बसवला की अपग्रेडची घाई बरीच कमी होते आणि पुढचे निर्णय शांतपणे घेता येतात. पोर्ट बंद करताना राउटरमधलं, प्रोग्रामना स्वतःहून पोर्ट उघडू देणारं यूपीएनपीही बघा, नाहीतर एका बाजूने बंद केलेलं दुसऱ्या बाजूने आपोआप उघडलेलं असू शकतं.

आता कोडी. चालत्या गाडीला खीळ घालू नये हे इथे लागू पडतं, पण डोळे मिटून नाही. घरात बंद असलेल्या कोडीतही बाहेरचं काही ना काही येत असतं: ॲडऑन (जोड-प्रोग्राम), पोस्टर आणि माहिती ओढून आणणारे स्क्रेपर, आणि सबटायटल्स. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की मुद्दाम बनवलेल्या सबटायटलच्या फाइलमधून व्हीएलसी, कोडी यांसारख्या प्लेअरवर हल्ला करता येतो. कोडीच्या बाबतीत मेख झिप फाइल उलगडण्यात होती: नको त्या फोल्डरात फाइल लिहिली जाऊ शकत होती. दुरुस्ती १७.२ मध्ये आली आणि तिच्याच मागोमाग १७.३ काढावी लागली. म्हणजे तातडीच्या दुरुस्तीतही काही बिघडू शकतं, आणि तरीही ती घ्यावीच लागते. तुमचं कोडी १९ या प्रकरणाच्या बरंच नंतरचं आहे, त्यामुळे ही जुनी फट तुम्हाला लागू नाही. पण तुम्ही सबटायटल्स आपोआप डाउनलोड होऊ देत असाल, किंवा कुठल्यातरी अनोळखी रेपॉझिटरीतून (ॲडऑनच्या साठ्यातून) ॲडऑन टाकले असतील, तर ‘कोडी सध्या राहू द्या’ हे माझं मत सैल होतं. ते अनोळखी ॲडऑन आधी काढा, अपग्रेडचं मग बघू.

तुमच्यासारख्यांना कोडीच्या अपग्रेडची भीती वाटते ती बहुधा १८ वरून १९ वर जाताना झालेल्या त्रासामुळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या १९ ने ॲडऑन लिहिण्याच्या पायथन भाषेची आवृत्ती २ सोडून ३ धरली. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली होती, त्यामुळे कोडीच्या टीमपुढे दुसरा मार्ग नव्हता. पण ज्या ॲडऑनचे लेखक गायब झाले होते ते ॲडऑन एका रात्रीत निकामी झाले. १९ वरून २० किंवा २१ वर जाताना तसा कडा नाही, पायथन ३ च आहे. थेट टीव्हीसाठीचे पीव्हीआर ॲडऑन आणि स्ट्रीमिंग चालवणारे इनपुटस्ट्रीम ॲडऑन हे मात्र प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळे बांधावे लागतात. ते वापरत असाल तर तेवढे आधी तपासा. स्किन (पडद्यावरचं रूप) बदललेली असेल तर तीही नव्या आवृत्तीला साजेशी मिळते का ते बघा. नाही मिळाली तर कोडी मुकाट्याने स्वतःची मूळची एस्चुअरी स्किन लावतं, आणि घरातल्यांच्या लेखी तोच सगळ्यात मोठा बिघाड असतो.

मग २१ मध्ये तुम्हाला मिळणार काय? नव्या सोयींची यादी वाचून निर्णय घेऊ नका, आपल्या फाइली बघून घ्या. समजा एव्ही१ या पद्धतीने आकुंचित केलेले व्हिडिओ अडखळतात. कोडीत तो व्हिडिओ चालू असताना कीबोर्ड जोडून कंट्रोल, शिफ्ट आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावर डीकोडरचं (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाचं) नाव येतं आणि त्यापुढे एचडब्ल्यू किंवा एसडब्ल्यू. एचडब्ल्यू असेल तर चिप काम करतेय. एसडब्ल्यू असेल तर सगळा भार प्रोसेसरवर आहे. आता बॉक्सच्या चिपमध्ये एव्ही१ चा डीकोडरच नसेल, तर कोडी २१ काय, ३१ आलं तरी तो तिथे उगवणार नाही. पैसे घालायचे तर बॉक्सवर घाला. उलट चिप सक्षम आहे आणि तरीही एसडब्ल्यू दिसतंय, तर अपग्रेडला एक नेमकं कारण मिळालं.

दुसरं खरं कारण सबटायटल्सचं असू शकतं. २० मध्ये, म्हणजे जानेवारी २०२३ च्या आवृत्तीत, सबटायटल दाखवण्याची यंत्रणा बरीच नव्याने बांधली. देवनागरी सबटायटल्स बघत असाल आणि जोडाक्षरं फुटत असतील तर हे एकदा आजमावून बघण्यासारखं आहे. तिसरं कारण म्हणजे डॉल्बी व्हिजन हा चित्राच्या रंग-उजेडाचा प्रकार: अँड्रॉइडवर त्याच्या प्रोफाइलची (उपप्रकाराची) अडचण येणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ च्या २१ मध्ये काम झालं आहे. या तिन्हींपैकी काहीच तुम्हाला टोचत नसेल, तर ‘नवीन आहे म्हणून’ अपग्रेड करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तुमच्या मांडणीत कोडी राहू देण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात वजनदार वाटतं: सामायिक डेटाबेस. कोडी व्हिडिओंच्या डेटाबेसला आवृत्तीप्रमाणे क्रमांक देतं. १९ चा डेटाबेस मायव्हिडिओज११९ या नावाने असतो, २० चा मायव्हिडिओज१२१, २१ चा मायव्हिडिओज१३१. हॉलमधल्या बॉक्सवर २१ टाकलंत की पहिल्यांदा सुरू होताना ते मारियाडीबीत १३१ शोधतं, सापडत नाही, मग ११९ ची नक्कल करून तिच्यावर बदल चढवतं. ११९ तसाच जागेवर राहतो. बेडरूममधलं कोडी १९ त्या ११९ वरच काम करत राहतं. आता एकाच सर्व्हरवर दोन लायब्ऱ्या झाल्या. हॉलमध्ये अर्धा बघून थांबवलेला सिनेमा बेडरूममध्ये ‘न बघितलेला’ दिसतो, आणि दोघांमधलं अंतर रोज वाढत जातं. एररचा संदेश कुठेच येत नाही, म्हणून लोक आठवडाभर नेटवर्कला दोष देत बसतात. तेव्हा कोडी बदलायचंच ठरलं तर दोन्ही बॉक्स एकाच बैठकीत. एक बॉक्स जुना आहे आणि त्यावर नवी आवृत्ती नीट चालत नाही असं निघालं, तर दुसराही जुन्यावरच ठेवा. आणि मारियाडीबीत कोडीसाठी केलेल्या युजरला नवा डेटाबेस तयार करण्याचा अधिकार आहे ना, ते आधी बघा. सुरक्षेच्या उत्साहात तो अधिकार फक्त ११९ पुरता दिलेला असतो आणि मग नवं कोडी रिकामी लायब्ररी दाखवतं.

जुना डेटाबेस जागेवर राहतो याचा एक फायदा: कोडीत मागे येणं तुलनेने सोपं आहे. १९ परत टाकलंत की ११९ आहेच, फक्त मधल्या दिवसांत काय बघितलं त्याची नोंद त्यात नसेल. पण अँड्रॉइडवर एक अडचण आहे. चढत्या आवृत्तीवर उतरती आवृत्ती अँड्रॉइड बसवू देत नाही, आधीचं ॲप काढावं लागतं. ते काढलं की त्याच्या डेटा फोल्डरमधलं सगळं जातं: सोर्सची यादी, पासवर्ड, स्किनच्या सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जची फाइल. तुमची लायब्ररी मारियाडीबीत आहे म्हणून ती वाचेल, बाकीचं नाही. अँड्रॉइड ११ पासून तर त्या फोल्डरात फाइल मॅनेजरने शिरणंही अवघड झालंय. म्हणून कोडीतल्याच बॅकअप ॲडऑनने युजरडेटाची प्रत नेटवर्कवरच्या फोल्डरात काढा. आणि आजच, हे वाचून झालं की लगेच, दोन्ही बॉक्सवर प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट बंद करा. नाहीतर तुमचा निर्णय एखाद्या रात्री ते स्टोअरच घेऊन टाकेल, तोही एकाच बॉक्सपुरता, आणि वर सांगितलेला दोन लायब्ऱ्यांचा घोळ सुरू.

विंडोजवर कोडी चालवणाऱ्यांना एक सोय आहे: पोर्टेबल मोड. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात टाकून त्या मोडमध्ये सुरू केली की ती आपला सगळा डेटा त्याच फोल्डरात ठेवते, जुन्याला धक्का लागत नाही. घरात एखादा लॅपटॉप असेल तर तिथे २१ असंच आजमावा, फक्त सामायिक डेटाबेसला न जोडता. खरी परीक्षा रोजच्या सिनेमाने होत नाही. मुद्दाम कटकटीच्या फाइली निवडा: सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा फोरके एचडीआर, जुन्या कॅमेऱ्यातलं इंटरलेस्ड चित्रीकरण, दोन भाषांचे आवाज असलेली फाइल, बाहेरून जोडलेलं सबटायटल, आणि जिच्यावर तुमचा ॲम्प्लिफायर आधी कधीतरी अडला होता ती. मात्र आवाज थेट ॲम्प्लिफायरला पाठवणं आणि चिपची डीकोडिंग या दोन गोष्टी लॅपटॉपवर कळणार नाहीत, त्या बॉक्सवरच कळतात.

आता जेलीफिनकडे येऊ, कारण काम तिथेच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या १०.११ ने लायब्ररीचा डेटाबेस नव्या रचनेत हलवला. हे नेहमीचं अपडेट नव्हे. पहिल्यांदा सुरू होताना सगळी जुनी माहिती नव्या साच्यात भरली जाते, आणि लायब्ररी मोठी, डिस्क जुनी असेल तर याला पुष्कळ वेळ लागतो. वरवर बघता सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. या टप्प्यावर कंटाळून कंटेनर बंद करणारे लोकच नंतर ‘अपग्रेडने लायब्ररी उडवली’ म्हणत येतात. लॉग (सर्व्हरच्या कामाची नोंदवही) उघडा ठेवा. ओळी पुढे सरकत असतील तर थांबा, तेवढंच काम आहे.

मागे यायचा रस्ता इथे कोडीसारखा आपोआप मिळत नाही. डॉकर वापरणाऱ्यांचा एक गैरसमज असतो की इमेजचा (ज्या साच्यातून कंटेनर उठतो त्याचा) जुना टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावला की झालं पूर्ववत. इमेज जुनी येते, पण बाहेर जोडलेल्या कॉन्फिग फोल्डरमधला डेटाबेस तोवर नव्या रचनेचा झालेला असतो. जुना सर्व्हर तो वाचू शकत नाही. म्हणून मागे येणं म्हणजे जुनी इमेज आणि जुन्या फोल्डरची प्रत, दोन्ही. १०.११ मध्ये बॅकअपची अंगभूत सोय आली आहे, पण तिथे पोचण्याआधीच्या प्रतीसाठी तिचा उपयोग नाही. ती तुम्हालाच काढायची आहे.

प्रत काढताना कंटेनर आधी थांबवा. डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे आणि चालू असताना ताज्या नोंदी बाजूच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये पडून असतात. चालू सर्व्हरची फक्त मुख्य फाइल उचललीत तर प्रत अर्धवट निघते, आणि ते परत लावताना कळतं. थांबवून सगळं कॉन्फिग फोल्डर उचला, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. मग ती प्रत खरंच चालते का ते बघा: तिचीच आणखी एक नक्कल करा, सध्याच्याच १०.१० च्या इमेजने वेगळ्या पोर्टवर दुसरा कंटेनर उठवा, माध्यमांचे फोल्डर केवळ वाचता येतील असे जोडा, लॉगिन करून बघितलेल्याच्या खुणा दिसतात का पाहा. हे जमलं की याच नक्कलेवर १०.११ चालवून बघा. सगळं स्थलांतर इथे आधी होऊन जाऊ द्या. किती वेळ लागला, कुठलं प्लगइन रुसलं, हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (चिपकडून व्हिडिओचं रूपांतर) चालतंय का, सगळं घरच्यांना पत्ता न लागता कळतं. मग खऱ्या सर्व्हरवर तेच पुन्हा.

काही बारीक गोष्टी. टॅग ‘लेटेस्ट’ ठेवू नका, आवृत्तीचा पूर्ण क्रमांक लिहा, आणि आपोआप इमेज बदलणारं वॉचटॉवरसारखं काही चालू असेल तर जेलीफिन त्यातून वगळा. १०.११.० नको, त्याच शाखेतली सगळ्यात ताजी दुरुस्ती-आवृत्ती घ्या. डिस्कवर मोकळी जागा बघा, स्थलांतराच्या काळात जुना आणि नवा डेटाबेस दोन्ही नांदत असतात. कंटेनरमधले माध्यमांचे मार्ग होते तसेच ठेवा. मार्ग बदलला की त्याच फाइली सर्व्हरला नव्या वाटतात आणि बघितल्याच्या खुणांची ताटातूट होते. बाहेरची डिस्क जोडलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय लायब्ररी स्कॅन सुरू करू नका. डिस्क न दिसणं आणि फाइली पुसल्या जाणं यातला फरक सॉफ्टवेअरला प्रत्येक वेळी कळेलच असं नाही. कोडीतल्या ‘क्लीन लायब्ररी’लाही त्या दिवशी हात लावायचा नाही.

एक मुद्दा मात्र तुमच्या ‘चालतंय ना’ या भूमिकेच्या विरोधात मांडायलाच हवा. सॉफ्टवेअर तुम्ही गोठवलंत तरी त्याच्या भोवतालचं जग गोठत नाही. टीव्हीवरचं आणि फोनवरचं जेलीफिनचं ॲप आपोआप पुढे जातं आणि कधीतरी जुन्या सर्व्हरची साथ सोडतं. मालिकांची माहिती पुरवणाऱ्या टीव्हीडीबीसारख्या सेवा आपले जुने एपीआय (माहिती मागण्याचे मार्ग) बंद करतात आणि जुना स्क्रेपर मुका होतो. ३० सप्टेंबर २०२१ ला, साइट खरी आहे हे उपकरणांना पटवणारं एक मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झालं, तर कित्येक जुन्या उपकरणांना लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या साइटशी बोलताच येईना. त्यांच्यात कुणी काही बदललं नव्हतं. आणि उलटा प्रकारही आहे: विंडोज मीडिया सेंटरवर खूश असलेल्यांनी २०१५ मध्ये विंडोज १० घेतलं आणि मीडिया सेंटरच नाहीसं झालं. त्यांनी मीडियाचं सॉफ्टवेअर बदललं नव्हतं, खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली होती. तुमच्या त्या जुन्या कॉम्प्युटरची सिस्टिम बदलायची वेळ येईल तेव्हा हीच तपासणी करायची आहे.

म्हणून कोडी ‘सध्या’ राहू द्या म्हणतो, ‘कायम’ नाही. ज्या दिवशी स्क्रेपर पोस्टर आणेनासा होईल, एखादं रोजचं ॲडऑन १९ ला नाही म्हणेल, किंवा दोनपैकी एक बॉक्स बदलाल आणि नव्यावर २१ च येईल, त्या दिवशी दोन्ही एकदम हलवा. २२ आलं तर त्याच्या पहिल्याच आवृत्तीवर उडी मारू नका, एक-दोन दुरुस्त्या येऊ द्या. तोवर लायब्ररी एकदा स्वतंत्र फाइलींच्या रूपात एक्स्पोर्ट करून ठेवा, म्हणजे प्रत्येक सिनेमाशेजारी त्याची माहिती असलेली एनएफओ फाइल राहील. डेटाबेस गेलाच तर त्यावरून लायब्ररी पुन्हा उभी राहते.

जेलीफिनचं स्थलांतर अडलं तर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. कंटेनर थांबवा, लॉगच्या शेवटच्या पन्नासेक ओळी, आधीची आणि नंतरची आवृत्ती आणि तुमची डॉकरच्या मांडणीची कंपोज फाइल त्यातले पासवर्ड झाकून पाठवा. जुनी इमेज आणि जुनी प्रत लावून तोवर घरचं बघणं चालू ठेवा, फक्त पोर्ट बंद असू द्या.